दोर कुठवर ओला

गजभिये सरांना पाणी द्यायला आमच्या शाळेत कोणी पुढे होत नसे. पेला हातात घ्यायचे, उजेडाकडे धरायचे आणि विचारायचे, "हे पाणी कुठचं?" उत्तर मिळेपर्यंत घोट घेत नसत. बोअरचं आहे म्हटलं की पेला होता तसा खाली ठेवायचे. विहिरीचं म्हटलं तर कोणत्या विहिरीचं, तिच्या वरच्या अंगाला काय आहे, शेत की गोठा, अशी उलटतपासणी सुरू व्हायची. तोवर देणाऱ्याची तहान वाढलेली असे.

आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नात वरपक्षाकडच्या एका वयस्क पाहुण्याने मोठ्या अगत्याने त्यांच्या हातात पेला दिला. सरांनी त्यालाही तेच विचारलं. पाहुण्याचा चेहरा पडला. आपल्या हातच्या पाण्याबद्दल कोणी शंका घेऊ शकतं, हे त्याच्या घराण्यात कधी घडलेलं नव्हतं, आणि घेणारे गजभिये आहेत हे कळल्यावर तर तो मुख्याध्यापकांना हाका मारू लागला. मुख्याध्यापक धोतर सावरत धावत आले. सर शांतपणे म्हणाले, "आमच्या आज्याले लोकं जलमभर इचारत राह्यले, तू कुठचा, तुह्या हातचं कसं पिऊ. मी तं पाण्याले इचारून राह्यलो, माणसाले नाई."

ते पाणी टँकरचं निघालं. सर न पिता जेवून गेले.

आमची ही शाळा सिंदेवाहीच्या रस्त्यावरून आत, धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, गेलं की लागते. मी तिथे गणित आणि विज्ञान शिकवते. गजभिये सर चित्रकलेचे. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, पण मैत्री म्हणावी असं काही नव्हतं. माणूस सहन करायला अवघड होता. त्यांच्याबद्दल लिहायचं मनात आलं ते परवा, जलसप्ताहाचं परिपत्रक आलं तेव्हा. सोबत नमुन्याचं चित्र होतं: नळ, नळाखाली थेंब, थेंबाला दोन डोळे आणि डोळ्यांत अश्रू. पाण्याच्या थेंबाला रडवण्यात कुणाची अक्कल खर्च झाली असेल, याचा विचार करत असताना शेजारची खुर्ची रिकामी असल्याचं लक्षात आलं. सर असते तर त्या कागदाचं काही खरं नव्हतं.

कारण नळ काढलेलं चित्र ते तपासतच नसत. दरवर्षी जलसप्ताहात पोरं नळाची चित्रं घेऊन यायची, आणि सर वहीचं पान न बघता परत करायचे. "गावात नळ किती हायेत?" पोरं सांगायची, पुष्कळ. "पाणी किती नळाले येते?" पोरं वही मिटायला लागायची. "मंग तू नळ काऊन काढला? पाणी काढ म्हटलं होतं." ते नळ गावात घरोघरी उभे होते. त्यांना बकऱ्या बांधत, आणि एका घरात तर त्यावर मिरच्यांची माळ वाळत होती.

आता असा माणूस स्वतः मोठा चित्रकार असेल असं वाटेल. तसं काही नव्हतं. सरांना हात काढता येत नसत. माणसांचे हात. त्यामुळे शाळेच्या भिंतीवर त्यांनी रंगवलेले सगळे थोर पुरुष हात मागे बांधून उभे आहेत. शाळेत शिरणाऱ्याला ते शिक्षा झाल्यासारखे दिसतात. केस काळेभोर रंगवलेले, रंग कपाळावर उतरलेला, खिशात कंगवा. पोरांना "अबे ढोल्या" म्हणून हाक मारायचे आणि त्यात त्यांना काही वाईट दिसत नसे. दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची त्यांना सवयच नव्हती. मला एकदा म्हणाले, "बाई, तुमच्या विज्ञानात पाण्याले रंग नाई, वास नाई, चव नाई. मंग पोरांनी त्याच्याकडे पाहावं कशासाठी?" मी म्हटलं, व्याख्या मी केलेली नाही. ते म्हणाले, "शिकवता तं तुम्हीच."

आमच्या शाळेची सहल दरवर्षी नागपूरजवळच्या पाण्याच्या घसरगुंड्यांवर जायची. कागदावर तिचं नाव 'जलविषयक शैक्षणिक सहल' असे. घसरगुंडीवरून खाली पडण्यात जे शिक्षण असेल ते असो, पण आठवीच्या मुलींच्या आयांनी त्या वर्षी कुरकुर सुरू केली. मुलींनी ओल्या कपड्यांत सगळ्यांसमोर फिरायचं, हे त्यांना पटत नव्हतं. मुली गळाल्या तर गाडी भरत नव्हती. सरांनी ही संधी साधली. मुख्याध्यापकांना म्हणाले, सहल जलविषयकच ठेवू, फक्त संग्रहालयात नेऊ. मुख्याध्यापकांनी विचारलं, संग्रहालयात पाणी कुठून आलं? सर म्हणाले, हेच तर पाहायला जायचं. मुलींसोबत बाईमाणूस हवं म्हणून मला गाडीत बसवलं.

संग्रहालयात शिरल्यावर पोरांनी आधी पंखे मोजले, मग तलवारींकडे पळाली. सरांनी सगळ्यांना मागे आणून एका दगडी चौकटीसमोर उभं केलं. कुठल्याशा पडलेल्या देवळाची ती चौकट. तिच्या तळाशी एक बाई कोरलेली, हातात घडा, पायाखाली मगरीसारखं काहीतरी. खाली लिहिलं होतं, नदीदेवता. पोरांनी सवयीने हात जोडले.

"हात खाली," सर म्हणाले. "पाया मंग पडा. नदी उभी कशावर हाय ते पहा."

पोरं म्हणाली, मगरीवर. सर म्हणाले, "मंजे ज्यानं कोरलं त्याले ठाऊक होतं, पाण्याच्या पोटात जीव राह्यला तं नदी उभी राह्यते. आता आपल्या नदीच्या पायाखाली काय हाय?" एकजण म्हणाला, रेतीचे ट्रक. त्यावर सर हसले. ते क्वचित हसत, आणि दात दिसू नयेत म्हणून तोंडावर हात धरत. दात त्यांचे तपकिरी होते. लहानपणी त्यांच्या गावात एकच हातपंप होता आणि त्याच्या पाण्यात दात खराब करणारं फ्लोराईड होतं. आमच्या भागात अशा दातांची माणसं पुष्कळ आहेत. हसताना ती सगळीच तोंडावर हात धरतात. बाहेरून आलेल्यांना वाटतं, किती लाजाळू लोक.

मग एक जुनं चित्र होतं, वहीच्या पानाएवढं. विहिरीवरच्या बायका. रंगीत लुगडी, दागिने, मागे मोर. मला विचाराल तर कॅलेंडरच्या लायकीचं. सरांनी आख्खा वर्ग त्याच्यासमोर जमिनीवर बसवला आणि म्हणाले, "ह्या चित्रात पाणी कुठी हाय ते दाखवा."

सोपं वाटलं सगळ्यांना. पण चित्रात पाणी नव्हतं. विहिरीचं तोंड होतं, आत काळोख होता. घागरी होत्या, पण त्यांच्या आत काय ते दिसत नव्हतं. पोरं अर्धा तास त्या चित्राला डोळे लावून बसली. तिथला पहारेकरी दोनदा येऊन पुढे सरका म्हणून गेला. एका पोराने मोराकडे बोट दाखवलं, त्याला सरांनी ढोल्या म्हटलं. मी घड्याळ बघत होते. मला जेवणाच्या डब्यांची काळजी होती, भात उन्हाने आंबला असता.

तेवढ्यात कांचन नावाची मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "सर, दोर वल्ला हाय."

आम्ही सगळे वाकलो. एका बाईच्या हातातून दोर विहिरीच्या काठावर वेटोळं होऊन पडला होता. त्याचा वरचा भाग भुऱ्या रंगाचा आणि खालचा, घागरीकडचा, गडद. चित्रकाराने रंग बदलला होता, आणि जिथे बदलला ती जागा नखाएवढीही नव्हती.

"कुठवर वल्ला हाय?" सरांनी विचारलं.

"अर्ध्यापर्यंत."

"मंग पाणी किती हाय?"

कांचनने दोन्ही हात पसरून दाखवलं. घागर तळाला टेकेपर्यंत सोडली की दोर जितका भिजेल तितकं पाणी. खेड्यातल्या पोरीला हे सांगावं लागत नाही. सर म्हणाले, "ज्यानं हे काढलं त्यानं पाणी न काढता विहिरीत किती पाणी हाय ते सांगितलं. तुम्ही नळ काढता."

निघताना त्यांनी चित्राच्या एका कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे आणखी एक बाई होती. विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन उभी. तिच्याजवळ दोर नव्हता. "हिले कोण पाणी देणार, ते घरी जाऊन इचारा," एवढंच म्हणाले आणि पोरांना जेवायला सोडलं. भात आंबलेला नव्हता.

संग्रहालयातून सर एक खोड घेऊन परत आले. तिथे प्रत्येक वस्तूखाली पाटी असते: वस्तूचं नाव, माध्यम, स्थिती, प्राप्तिस्थान. प्राप्तिस्थान म्हणजे ती कुठची, हे पोरांना समजावताना सर इतके खूश झाले होते की जणू आपला आयुष्यभराचा प्रश्न सरकारने मंजूर केला. पुढच्या आठवड्यात शाळेत पाट्या लागल्या. कोरड्या हातपंपावर एक, फुटक्या रांजणावर एक. व्हरांड्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका भाऊसाहेब म्हणतो, त्यांनी आपल्या वाढदिवसाला दिलेलं. संगमरवरी पाटी यंत्राहून मोठी. ते बोअरला जोडलेलं होतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडलं. त्याच्यावर पोरांच्या सुबक अक्षरात पाटी लागली: 'वस्तू: जलशुद्धीकरण यंत्र. माध्यम: लोखंड, प्लास्टिक, संगमरवर. स्थिती: उत्तम, न वापरलेली. प्राप्तिस्थान: अध्यक्षांचा वाढदिवस.'

ती दुपारपर्यंत टिकली. मुख्याध्यापकांनी स्वतः नखाने खरवडून काढली. बिचाऱ्यांच्या सगळ्या कारकिर्दीतलं ते एवढंच अंगमेहनतीचं काम.

यंत्र बंद होतं तरी शाळेचं अडत नव्हतं, कारण आवारात विहीर होती. तिचं पाणी गोड. पोरं, शिक्षक, पोषण आहाराची खिचडी, सगळं त्या पाण्यावर. आणि विहीर गोड होती ती शाळेमागच्या बोडीमुळे. आमच्याकडे धानाला पाणी देण्यासाठी लोकांनी पूर्वी लहान लहान तळी खोदली, त्यांना बोडी म्हणतात. उताराच्या बाजूला मातीची पाळ, जास्तीचं पाणी जायला एका टोकाला सांडवा. शाळेमागची बोडी भाऊसाहेबांच्या पणजोबांनी खोदवलेली. ती भरली की तिचं पाणी झिरपून विहिरीत उतरायचं. ती नसती तर आम्हाला बोअरचं पाणी प्यावं लागलं असतं, आणि बोअरचं पाणी म्हणजे सरांचे दात. यात गूढ काही नव्हतं. गावातल्या सगळ्यांना हे माहीत होतं, भाऊसाहेबांनाही.

सहलीनंतर सरांच्या चित्रकलेच्या तासाला पोरं महिन्यातून एकदा विहिरीवर जायची. बादली तळापर्यंत सोडायची, वर ओढायची, आणि दोर जिथवर ओला असेल तिथे पांढऱ्या चिंधीची गाठ मारायची. मग तो दोर बघून काढायचा, ओला भाग गडद, कोरडा भाग भुरा. चित्रकला म्हणजे एवढंच. पालकांपैकी एकाने येऊन विचारलंही, माझा पोरगा वर्षभर दोरच काढून राह्यला, त्याले मोर कधी शिकवता? सर म्हणाले, मोर उडून जाते, दोर राह्यते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बोडीत मुरुमाचे ट्रक आले.

भाऊसाहेबांना तिथे सभागृह बांधायचं होतं. लग्नांना भाड्याने देता आलं असतं, आणि शाळेच्या जागेत म्हणून कार्यक्रमाला पुढारीही आणता आले असते. नाव ठरलं होतं: पणजोबांचं. ज्यांनी बोडी खोदवली त्यांच्या नावानेच ती बुजवायची, ही कल्पना दुसऱ्या कुणाला सुचली नसती. शिक्षकांच्या बैठकीत नकाशा दाखवला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. त्या खोलीत तेच करायची पद्धत आहे.

सर म्हणाले, "भाऊसाहेब, विहीर आटते."

भाऊसाहेब मोठ्या मनाने हसले. "सर, तुम्ही चित्रं काढा ना. पाण्याचं आम्ही पाहून घेऊ. मी यंत्र दिलं नाही का?"

"ते बोअरचं हाय."

"मग?"

सरांनी तोंडावर धरायचा हात खाली ठेवला आणि दात दाखवले. नुसते दाखवले, हसले नाहीत. बैठक तिथेच संपली.

त्यानंतर दोरावर लाल चिंध्यांच्या गाठी पडू लागल्या. पांढरी गाठ गेल्या वर्षीची, लाल या वर्षीची, महिना तोच. लाल गाठ पांढरीच्या पुष्कळ खाली, बादलीकडे सरकलेली. डिसेंबरात आणखी खाली. कोणाला मोजपट्टी लागत नव्हती. पोरं येता-जाता दोराकडे बघायची आणि घरी सांगायची, घरच्यांना मात्र शाळेच्या विहिरीपेक्षा शाळेतलं लग्नाचं सभागृह जवळचं वाटत होतं. मंडप घालायचा त्रास वाचला असता.

जानेवारीत शाळेत चित्रप्रदर्शन होतं, विषय अर्थात पाणी. जिल्ह्याहून एक मोठे साहेब उद्घाटनाला आले, भाऊसाहेब त्यांच्या डाव्या अंगाला. इतर शाळांची चित्रं लागलेली होती: नळ, थेंब, रडणारी पृथ्वी, हात जोडणारी पृथ्वी. आमच्या शाळेच्या वाट्याला आलेल्या भिंतीवर एकही चित्र नव्हतं. छताच्या कडीपासून विहिरीचा दोर खाली सोडला होता, बादलीसकट, पांढऱ्या-लाल गाठींसकट, आणि सकाळीच काढून आणल्यामुळे खालचा तुकडा ओला होता. शेजारी पाटी: 'वस्तू: दोर. माध्यम: सूत, पाणी. प्राप्तिस्थान: शाळेची विहीर.'

साहेब थांबले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, कळलं बहुतेक. मग ते वळून म्हणाले, "वा. फार प्रतीकात्मक. दोर म्हणजे जणू जीवनाचा धागा."

सर पुढे झाले. "प्रतीक नाई साहेब, दोर हाय. संध्याकाळी परत विहिरीवर बांधाचा हाय. पोरायले पाणी लागते."

कांचनला बोलायला पाठवलं होतं. तिने लाल गाठीला हात लावून सांगितलं की हे या जानेवारीचं पाणी, आणि पांढऱ्या गाठीला हात लावून सांगितलं की हे गेल्या जानेवारीचं, आणि मधे मागच्या बोडीत मुरूम पडला. एका दमात सांगितलं, नजर जमिनीवर. यापेक्षा सरळ भाषेत कोणाला काही सांगता येणार नाही. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिला दोराशेजारी उभी करून फोटो काढायला लावला, आणि फोटोत भाऊसाहेबांना बोलावून घेतलं.

दोराला पहिलं बक्षीस मिळालं. बोडीला दुसऱ्या दिवशी राहिलेला मुरूम मिळाला.

एप्रिलमध्ये विहिरीतून गाळ येऊ लागला. बोअर सुरू झाला. सर घरून पाणी आणू लागले, आपल्यापुरतं नव्हे, दोन कॅन सायकलला लटकवून, आणि आठवीच्या वर्गात ठेवायचे. यात त्यांना पोरांचा कळवळा होता असं मी म्हणणार नाही. पोरांना देताना ते त्यांच्यावर खेकसायचेच. मला वाटतं, आपलं म्हणणं खरं ठरलं याचा राग त्यांना त्या पाण्यावर काढायचा होता. मे महिन्यात त्यांच्या बदलीचा आदेश निघाला. संस्थेची कुरखेड्याकडे दुसरी शाळा आहे, तिथे चित्रकला शिक्षकाची निकड असल्याचं अचानक लक्षात आलं होतं. निरोप समारंभ झाला नाही. खिशातला कंगवा आणि खडूचा डबा घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "बाई, दोरावर लक्ष ठेवजा." मी म्हटलं, मला दुसरी कामं आहेत. "हायेत ना," ते म्हणाले, "हेही करजा."

सभागृहाचं उद्घाटन पंधरा ऑगस्टला ठेवलं. तेच मोठे साहेब येणार होते. त्यांनी फोनवर विचारलं, ते दोरवाले शिक्षक भेटतील ना? त्यांचा तो फोटो म्हणे वरपर्यंत गेला होता. भाऊसाहेबांची पंचाईत झाली. शेवटी सरांना उपक्रमशील शिक्षक म्हणून सत्कारासाठी कुरखेड्याला बोलावणं गेलं. शाल आणि नारळ.

त्या आठवड्यात पाऊस थांबला नव्हता. धानाच्या रोवण्या आटोपल्या होत्या, बांध्या काठोकाठ होत्या. झेंडावंदन व्हरांड्यातच उरकलं आणि सगळे मागच्या सभागृहात जाऊन बसले. छान बांधलं होतं. चकचकीत फरशी, पणजोबांचा फोटो, त्याला हार. बोडी बुजवली तरी तिची पाळ मात्र तशीच, मुरमाहून उंच होती, कारण पाळीवरून गाड्यांसाठी रस्ता केला होता. सांडव्याच्या जागी मोठी कमान आणि फाटक बांधलं होतं, कारण रस्त्याकडून तीच जागा शोभेची दिसे. वरच्या शेतांचं पाणी वर्षानुवर्षं ज्या खोलगटात उतरत आलं होतं, त्या खोलगटात आता आम्ही खुर्च्या टाकून बसलो होतो, आणि पाणी बाहेर जायच्या एकमेव वाटेवर कमान होती. पोरांना महिनाभर शिकवलं असतं तरी इतका चुकीचा आराखडा त्यांनी काढला नसता.

भाऊसाहेबांच्या भाषणात पाणी आलं. आधी मागच्या दाराखालून, मग फरशीच्या सांध्यांतून. लोकांनी पाय वर घेतले. भाऊसाहेबांनी पणजोबांच्या दूरदृष्टीबद्दल बोलणं सुरूच ठेवलं. कोणीतरी पोती आणून दारात टाकली, ती तरंगायला लागली. साहेबांनी बूट काढावेत की नाही याचा विचार करण्यात दहा मिनिटं घालवली आणि मग काढले.

सरांचा सत्कार तेवढ्यातच उरकला गेला. शाल अंगावर पडली, हातात नारळ आला, आणि आमच्या मुख्याध्यापकांनी सवयीने पाण्याची बाटली पुढे केली. बाटली पुढे केल्यावर त्यांना आपण काय केलं ते कळलं. पुढच्या रांगेत आम्ही शिक्षक, मागे पोरं, सगळे थांबलो. भाऊसाहेबही थांबले.

सरांनी बाटली उजेडाकडे धरली नाही. त्यांनी खाली बघितलं. मंचाच्या पहिल्या पायरीवर पाणी चढलं होतं आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या फिरत होत्या. मग बाटली उघडून ते सगळं पाणी एका दमात प्यायले. त्यांनी न विचारता पाणी प्यायलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

मागून एका पोराचा आवाज आला, "सर, पाणी कुठचं?"

सर म्हणाले, "भाऊसाहेबाच्या पणज्याचं," आणि मंचावरून उतरून, चपला हातात घेऊन, पाण्यातून चालत बाहेर गेले.

मी कमानीपाशी उभी राहून साहेबांच्या गाडीला वाट काढायच्या खटपटीत होते, तेव्हा ते मला दिसले. शाल डोक्यावर चौघडी करून घेतलेली, पँट गुडघ्यापर्यंत, विहिरीच्या काठाशी पाठमोरे. दोर सोडत होते. बादली तळाला टेकेपर्यंत सोडली, वर ओढली, आणि भिजलेला दोर कोपरापासून हातावर गुंडाळत गेले, एक वेढा, दुसरा वेढा, पुष्कळ वेढे. मग थोडा वेळ वाकून काहीतरी केलं. पाऊस होता, मला नीट दिसलं नाही. रस्त्यावर कुरखेड्याकडची बस थांबली आणि ते न वळता चढले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

ते सभागृह अजून उभं आहे, पावसाळ्यात पाण्यात आणि उन्हाळ्यात ओलसर भिंतींसकट. लग्नाला कोणी घेत नाही. कमान पाडून सांडवा मोकळा करायचा तर भाऊसाहेबांना चूक कबूल करावी लागेल, म्हणून पाणी तिथेच राहतं आणि विहिरीत उतरतं. पोरं विहिरीचं पाणी पितात.

नारळ सर काठावर विसरले होते. मी घरी नेला, चटणी केली. आणि दोरावर, सगळ्या पांढऱ्या गाठींच्याही वर, एक नवी गाठ होती. चिंधी नव्हती ती. सत्काराच्या शालीचा जरीचा काठ फाडून मारलेली गाठ. जर खोटी होती. पहिल्याच महिन्यात काळी पडली, पण सुटली नाही.